आमदारांचे वर्षाखेरचे हिशेब

डिसेंबर उजाडला, की महाराष्ट्रातल्या अनेक मतदारसंघांत दोन छापील वस्तू घरोघरी येऊ लागतात. एक आमदारांचे छायाचित्र असलेली दिनदर्शिका आणि दुसरा गुळगुळीत कागदावरचा 'कार्य अहवाल'. पैकी दिनदर्शिका उपयोगाची असते. दुधाचे खाडे लिहिण्यासाठी ती वर्षभर भिंतीवर राहते. अहवाल मात्र सहसा रद्दीत जातो. माझ्या मते तो रद्दीत टाकण्याआधी एकदा नीट वाचावा, कारण आपण लोकप्रतिनिधीकडून काय मागतो आणि तो काय दिल्याचे समाधान मानतो, हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

अहवालात कामांची यादी असते. अमुक गल्लीत पेव्हर ब्लॉक, तमुक चौकात हायमास्ट दिवा, समाजमंदिराची संरक्षक भिंत, स्मशानभूमीची शेड, खुली व्यायामशाळा, बसथांबा. प्रत्येक कामापुढे लाखांतली रक्कम, आणि वर ठळक अक्षरांत 'आमदार निधीतून'. क्वचित 'माझ्या निधीतून' असेही छापलेले असते. ह्या षष्ठी विभक्तीने आपल्याकडे फार गोंधळ माजवला आहे. मुळात हा पैसा आमदाराचा नसतो, त्याच्या हातीही येत नाही. तो कामे सुचवतो. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतो, प्रत्यक्ष काम सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा एखादी स्थानिक संस्था करते. दात्याच्या जागी नाव मात्र आमदाराचे लागते, आणि कोनशिलेवर करदात्याचा उल्लेख केल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

महाराष्ट्रात ही रक्कम बरीच वर्षे दरसाल दोन कोटी होती. २०२० साली ती तीन कोटी झाली, २०२१ साली चार आणि २०२२ साली पाच. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य धरले, तर वर्षाला १,८३० कोटी रुपये होतात. दुष्काळी तालुक्याच्या आमदारालाही पाच कोटी आणि दक्षिण मुंबईच्या आमदारालाही पाचच. गरजेशी ह्या वाटपाचा काही संबंध नाही. ही दानत मतदारसंघाकडे पाहून नव्हे, पदाकडे पाहून ठरलेली आहे.

इथे मतदाराला हसण्याची एक सोपी वाट आहे. सुशिक्षित मंडळी ती हटकून धरतात: 'लोकांना गटारी आणि दिवेच हवे असतात, धोरण कोणाला कळते?' मला हे मान्य नाही. ज्या वस्तीत पाण्यासाठी अर्धा कोस चालावे लागते, तिथल्या बाईने आमदाराकडे बोअरवेल मागणे ही राजकीय समजच आहे. प्रश्न असा, की ती मागणी ऐकायला जवळचे दुसरे कोणी उरले आहे का?

महाराष्ट्रात हे 'दुसरे कोणी' एकेकाळी विचारपूर्वक निर्माण केले गेले होते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचे सदस्यत्व देऊ नये, असे त्या समितीने जाणीवपूर्वक ठरवले होते. हेतू उघड होता. गावाचे रस्ते, शाळा, पाणी गावाजवळच्या प्रतिनिधींनी पाहावे, आमदाराने राज्य पाहावे. पुढे १९९३ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायती व नगरपालिकांना घटनेचे कवच मिळाले. योगायोग पाहा, त्याच वर्षीच्या डिसेंबरात नरसिंह राव सरकारने खासदारांसाठी स्थानिक क्षेत्र विकास योजना आणली. समोरच्या दाराने विकेंद्रीकरण आत आले आणि मागच्या दाराने दिल्लीचा प्रतिनिधी गल्लीत शिरला. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली खासदार आणि आमदार, दोघांचेही असे निधी बंद करावेत अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मात्र २०१० साली खासदारांची योजना वैध ठरवली. वैध आहे, एवढे मान्य. वैध म्हणजे शहाणपणाची असे काही न्यायालयाने म्हटलेले नाही, आणि ते ठरवणे न्यायालयाचे कामही नव्हे.

ह्याचा परिणाम किती खोल जातो, ते २०२२ नंतरच्या महाराष्ट्रात दिसले. मुदत संपलेल्या महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. निवडणुका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये बजावावे लागले. एवढी वर्षे खालची पायरी रिकामी असताना तिच्यासाठी विधानसभेत कोणी आकाशपाताळ एक केले नाही. का करावे? खाली नगरसेवक नसला, की वॉर्डातला प्रत्येक दिवा आमदाराच्याच नावाने लागतो.

आता त्याच डिसेंबरातले दुसरे काम पाहू, ज्याचा उल्लेख अहवालाच्या शेवटच्या पानावर एखाद्या छायाचित्रापुरता असतो: नागपूरचे हिवाळी अधिवेशन. २०२४ साली ते १६ ते २१ डिसेंबर असे झाले, २०२५ साली ८ ते १४ डिसेंबर. म्हणजे आठवडाभराचा कारभार. २०२५ च्या त्या आठवड्यात सरकारने सुमारे ७५ हजार कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या. अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर झाल्यावर वर्षाच्या मध्येच एवढा जादा पैसा का लागला, कोणत्या खात्याला लागला, मूळ अंदाज कोणाचे चुकले, हे खोदून विचारण्याचा अधिकार राज्यात फक्त ह्या लोकांना आहे. आपल्या पाच कोटींतली प्रत्येक फरशी मोजून छापणारा प्रतिनिधी ह्या पंच्याहत्तर हजार कोटींबद्दल मतदाराला एक ओळही का कळवत नाही? त्याच्या मतदारसंघाचे खरे भवितव्य ह्या दुसऱ्या आकड्यात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागा तिथे भरल्या जातात किंवा भरल्या जात नाहीत, अर्धवट कालव्यांना पैसा तिथे मिळतो किंवा पुढे ढकलला जातो.

स्थानिक काम आणि विधिमंडळाचे काम ही दोन वेगळी कामे आहेत, असेही नाही. वि. स. पागे ह्यांचे उदाहरण ह्या बाबतीत फार बोलके आहे. विधान परिषदेचे सभापती असलेल्या ह्या गृहस्थांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात मजुरांना हमखास काम देण्याचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्याची योजना झाली, १९७५ साली तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर आला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने संमत केला. चार गावांतल्या मजुराची अडचण सभागृहात नेली आणि ती राज्यभरातल्या मजुराचा हक्क होऊन बाहेर आली. सांगोल्याहून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख आटपाडी-सांगोला भागाच्या पाण्यासाठी परिषदा भरवत राहिले आणि तोच प्रश्न विधानसभेत मांडत राहिले. टेंभूचे पाणी पाच कोटींच्या यादीत बसणारे नव्हे.

ह्यावर एक आक्षेप येईल, की निधी काढून घेतला तर विरोधी पक्षाच्या आमदाराच्या हाती काहीच उरणार नाही. सत्तेतला आमदार मंत्र्यांकडून पैसा आणेलच. आक्षेपात तथ्य आहे. बिहारमध्ये २०१० साली नितीशकुमारांनी आमदार निधी बंद केला, पण त्याच्या जागी आली ती मुख्यमंत्र्यांच्या नावाची योजना. म्हणून निधी उद्याच बंद करा, असे मी म्हणत नाही. तो ग्रामसभेने किंवा वॉर्डसभेने ठरवलेल्या कामांनाच द्यावा, एवढी एक अट घातली तरी कोनशिलेवरचे नाव बदलेल.

तोवर मतदाराला एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. अहवाल घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्याला चहा द्यावा आणि विचारावे, की साहेबांनी ह्या वर्षी किती तारांकित प्रश्न विचारले, किती लक्षवेधी सूचना दिल्या, पुरवणी मागण्यांवर ते बोलले का, आणि मंत्र्यांनी त्यांना सभागृहात दिलेल्या आश्वासनांपैकी किती पुरी झाली. कार्यकर्ता बहुधा 'विचारून सांगतो' म्हणेल. विधिमंडळाची कार्यवाही छापली जाते, त्यामुळे साहेबांना विचारल्यावाचूनही त्यातले पुष्कळसे पडताळून पाहता येते.