पायाची नस आणि बॉण्डचं वर्ष

आमच्या वर्गातला एक मित्र दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला तो स्वतःच्या दोन पायांवर आणि परत आला तो कुबड्यांवर. बाइक घसरली आणि गुडघा सरकला. रक्त फारसं आलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना वाटलं की हाड मोडलंय, प्लास्टर घातलं की झालं. तालुक्याच्या गावी एक्स-रे निघाला, पट्टी बांधली. पाऊल गार पडत चाललंय हे सगळ्यात आधी त्याच्या आईच्या लक्षात आलं. मग जिल्ह्याला नेलं, तिथून शहरात. नस जोडणारा सर्जन समोर आला तेव्हा अपघाताला अकरा तास होऊन गेले होते. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. वय वर्षं एकवीस.

कुणी मुद्दाम हलगर्जीपणा केला असं मी म्हणत नाही. गुडघ्यामागून जाणारी धमनी तुटली की खालच्या पायाचा रक्तपुरवठा थांबतो. स्नायू रक्ताशिवाय साधारण सहा तास तग धरतात. धमनी जोडण्याचं तंत्र काही नवीन नाही, त्यासाठी अलेक्सिस कॅरेल यांना १९१२ मध्येच नोबेल मिळालं. तंत्र होतं, पण ते येणारा माणूस सहा तासांच्या अंतरात नव्हता. प्रश्न एवढाच आहे.

हा माणूस म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन. आपल्याकडे तो तयार व्हायला एमबीबीएस, मग तीन वर्षं एमएस, मग पुन्हा तीन वर्षं एमसीएच किंवा डीआरएनबी करावं लागतं. तोपर्यंत तिशी उलटते. मग तो मोठ्या शहरात राहतो, कारण मशीन, टीम आणि पेशंट सगळं तिथेच असतं. त्याला नावं ठेवून उपयोग नाही. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

मग असे सर्जन लांबच्या, गैरसोयीच्या जागी कुणी पोहोचवून दाखवलेत का? हे शोधताना मी पोहोचले अमेरिकन लष्कराच्या हॉस्पिटलांपर्यंत. तिथला हिशोब डोळे उघडणारा आहे.

दुसऱ्या महायुद्धात धमनीला इजा झालेल्या २,४७१ अमेरिकन सैनिकांचा अभ्यास मायकेल डीबेकी आणि फिओरिंडो सिमिओन यांनी १९४६ मध्ये मांडला. त्यात धमनी शिवण्याचा प्रयत्न झाला तो फक्त ८१ जणांच्या बाबतीत. बाकी जवळपास सगळ्यांची धमनी बांधून टाकली होती, म्हणजे जीव वाचवायचा आणि अवयव नशिबावर सोडायचा. बांधलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा हात किंवा पाय गेला. गुडघ्यामागच्या धमनीच्या बाबतीत तर चारातले जवळपास तिघं. कारण स्पष्ट होतं. जखमीला सर्जनपर्यंत यायला खूप वेळ लागायचा आणि आल्यावर नस जोडता येणारे हात फारच कमी असायचे.

पुढे कोरियन युद्धात हेलिकॉप्टर आलं, वेळ वाचला. पण तेवढ्याने भागलं नसतं. कार्ल ह्यूजेस, फ्रँक स्पेन्सर अशा तरुण लष्करी सर्जननी आघाडीजवळच धमन्या जोडायला सुरुवात केली. हात-पाय गमावण्याचं प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. व्हिएतनामच्या वेळी नॉर्मन रिच यांनी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड आर्मी हॉस्पिटलमध्ये १९६६ मध्ये एक रजिस्टर सुरू केलं. कोणाची कुठली नस तुटली, काय केलं, पुढे काय झालं, याची नोंद. १९७० मध्ये त्यातल्या १,००० रुग्णांचा लेखाजोखा प्रसिद्ध झाला. गुडघ्यामागच्या धमनीत पाय गमावण्याचं प्रमाण तोवर ३० टक्क्यांच्या आसपास आलं होतं. पूर्वीच्या निम्म्याहून कमी.

आता तुम्ही म्हणाल, हे युद्धामुळे शिकले. बरोबर, आणि त्याची किंमत विशी-बाविशीतल्या पोरांनी मोजली. त्यात गौरव करण्यासारखं काही नाही. पण युद्ध संपल्यावर काय, हा खरा विषय आहे. लढाया थांबल्या की लष्करी डॉक्टरांचा हात उतरतो आणि पुढच्या युद्धातले पहिले जखमी त्याची किंमत मोजतात. या घसरणीला वैद्यकीय जगात 'वॉकर डिप' असं नाव आहे, ब्रिटिश नौदलाचे सर्जन ॲलास्टेअर वॉकर यांच्यावरून.

यावर उपाय म्हणजे शांततेच्या काळातली रेसिडेन्सी. तिथे शिकणारा डॉक्टर लष्करी अधिकारी असतो. त्याला हुद्दा आणि पगार मिळतो, बदल्यात शिक्षणानंतर ठरावीक वर्षं सेवा द्यावी लागते. रोजचे पेशंट मात्र गोळी लागलेले नसतात. निवृत्त सैनिकाची फुगलेली महाधमनी, मधुमेहाने काळं पडलेलं बोट, डायलिसिससाठी जोडायची नस, अशा केसेसवर हात बसतो. टेक्सासमधलं सॅन अँटोनियोचं ब्रुक आर्मी मेडिकल सेंटर तर शहरातले सामान्य अपघातग्रस्तही घेतं. लोकांना उपचार मिळतात, सर्जनचा सराव टिकतो.

आणखी एक गोष्ट. इराकमध्ये आघाडीवरच्या छोट्या केंद्रात प्रत्येक वेळी व्हॅस्क्युलर सर्जन असायचाच असं नाही. तिथला जनरल सर्जन तुटलेल्या धमनीच्या दोन टोकांत तात्पुरती प्लास्टिकची नळी बसवायचा. रक्त वाहत राहायचं, जखमी मोठ्या हॉस्पिटलात जायचा, पक्कं काम तिथे. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तज्ज्ञ हवाच असं नाही. तज्ज्ञाने बाकीच्यांना शिकवलेलं मात्र असायला हवं.

आता आपल्याकडे या. पुण्यात १९४८ पासून एएफएमसी आहे. तिथून बाहेर पडणाऱ्यांना लष्कराच्या वैद्यकीय सेवेत काम करायचं असतं आणि हे ठाऊक असूनही मुलं तिथे जायला धडपडतात. उलट सरकारी मेडिकल कॉलेजातल्या कुठल्याही मित्राला बॉण्डबद्दल विचारून बघा. 'एक वर्ष वाया' हेच उत्तर येईल. सेवेची अट दोन्हीकडे आहे, मग एकीकडे अभिमान आणि दुसरीकडे वैताग का?

मला वाटतं, फरक देशभक्तीचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. लष्करात जाणाऱ्याला वर सीनियर असतो, टीम असते, काम नेमून दिलेलं असतं, पुढच्या शिक्षणाची वाट दिसते. बॉण्डवर जाणाऱ्याला अनेकदा फक्त ऑर्डर मिळते. शस्त्रक्रिया शिकलेला माणूस भूलतज्ज्ञ नसलेल्या जागी बसवला, तर तो वर्ष मोजणारच.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आता डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी आहे, तीन महिने जिल्हा रुग्णालयात. कल्पना उत्तम आहे. पण ते तीन महिने शिकण्याचे व्हायचे असतील तर तीन गोष्टी हव्यात. एक, मेडिकल कॉलेजचा व्हॅस्क्युलर विभाग फोनवर चोवीस तास उपलब्ध हवा. दोन, सर्जरी आणि ऑर्थोच्या प्रत्येक रेसिडेंटला ती तात्पुरती नळी बसवायला शिकवायला हवं. तीन, रिच यांच्यासारखं रजिस्टर हवं. किती पाय उशिरामुळे गेले हे मोजलंच नाही, तर सुधारणार काय? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, हे आपण मोजतो. जगले पण पाय गमावून बसले, त्यांचा हिशोब कुठेच दिसत नाही.

खर्च होईल, हे मान्य. पण एकविशीत पाय गेलेल्या पोराचा पुढच्या चाळीस वर्षांचा खर्च कोण करतं? त्याचं घर करतं. सरकारच्या वहीत तो लिहिला जात नाही एवढंच.

तुम्ही मेडिकलला असाल तर बॉण्डविरुद्ध जरूर बोला, पण 'रद्द करा'च्या जोडीला 'शिकण्यासारखं करा' हेही मागा. मेडिकलला नसाल तर एवढं लक्षात ठेवा. अपघातात गुडघ्याला मार बसलाय आणि पाऊल गार, फिकट पडलंय, बोटं हलत नाहीत किंवा बधिर झालीत, तर १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना थेट विचारा, 'पायाची नाडी लागतेय का?' अपघात किती वाजता झाला ते कागदावर लिहून सोबत द्या.

त्या रात्री मित्राच्या आईला पाऊल गार लागलं होतं. तिने दोनदा सांगितलंही. पुढे काय विचारायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.