पाळलेल्या अजगराला किती दमटपणा लागतो? उत्तर वारुळात आहे

डिसेंबर २०२३. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकची पाकिटं सापडली. आत होते ११ जिवंत साप: ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. महसूल गुप्तचर संचालनालयाने ते जप्त केले. विदेशी साप पाळण्याची हौस आपल्याकडे वाढतेय, म्हणून ही तस्करी होते.

कायदा काय सांगतो?

नाग, धामण, भारतीय अजगर असे देशी साप घरात पाळणं गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला, पण त्याचा व्यापार 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. त्यामुळे वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार त्याची 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पण कागद पूर्ण झाले म्हणजे सापाची सोय झाली, असं नाही. खरी चूक बहुतेकदा होते ती पाण्याच्या बाबतीत.

चूक कुठे होते?

घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशांतल्या गवताळ प्रदेशात बॉल पायथन सापडतो. तिथला उन्हाळा कोरडा, म्हणून सापालाही कोरडं ठेवायचं, असा अनेकांचा समज होतो. पण हा साप दिवसभर उघड्यावर नसतो. उंदरांची बिळं आणि वारुळं हे त्याचं घर. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण त्याला तंतोतंत लागू पडते. बाहेर रखरखाट असला तरी जमिनीखाली ओल टिकून असते. म्हणजे नकाशावरचं हवामान बघून उपयोग नाही, बिळातली हवा बघायला हवी.

मग किती आर्द्रता हवी?

बॉल पायथनसाठी साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता सुचवली जाते. ती कमी पडली तर कात अखंड निघत नाही, तुकड्या-तुकड्यांत सुटते. डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच चिकटून राहू शकतो. उलट पेटी सतत चिंब आणि कोंदट असेल तर खवले कुजतात, श्वसनाचा संसर्ग होतो. हवा दमट हवी, पण बसायची जागा ओलीगच्च नको.

इथे शहरही महत्त्वाचं. जुलैमधल्या मुंबईत हवाच दमट असते, तिथे हवा खेळती ठेवणं गरजेचं. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा एसीच्या खोलीत तीच पेटी काही तासांत कोरडी पडते. त्यामुळे इंटरनेटवरचा 'दिवसातून दोनदा पाणी फवारा' हा सल्ला सगळीकडे चालत नाही.

घरात काय करायचं?

• पेटीत आर्द्रता मोजणारं यंत्र ठेवा, अंदाजावर जाऊ नका.
• तळाला कोकोपीटसारखा ओल धरणारा थर द्या.
• अंग चोरून बसता येईल असा अंधारा, बंदिस्त आडोसा द्या. आत थोडं ओलसर मॉस ठेवलं की बिळासारखी हवा तयार होते.
• साप उलटवू शकणार नाही असं जड पाण्याचं भांडं ठेवा, पाणी रोज बदला. साप पाणीच पितो. नागपंचमीला दूध पिणारा साप बहुतेकदा तहानलेला ठेवलेला असतो.
• कात अडकली तर ओढू नका, पशुवैद्याला दाखवा.

बॉल पायथन नीट सांभाळला तर २०-३० वर्षं जगतो. रील बघून तो घ्यावासा वाटलाच, तर आधी विचारा: इतकी वर्षं त्याच्यासाठी बिळातली ओल मी टिकवू शकेन का? उत्तर 'नाही' असेल, तर त्याला त्याच्या वारुळातच राहू द्या.