राहनाळच्या गोदामांचा भार कोणी वाहावा?

माननीय महानगर आयुक्त,
मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, यांस



भिवंडी तालुक्यातील राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ, दापोडे ही गावे एके काळी भाताच्या पिकासाठी पंचक्रोशीत ओळखली जात. आज त्यांची नावे दूरदूरच्या पेढ्यांच्या बिल्ट्यांवर उमटतात. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर, तरीही मुंबईच्या उंबरठ्याशी असलेली जागा व्यापाऱ्यांना हवी होती, आणि जुन्या आग्रा रस्त्याच्या दुतर्फा पसरलेली आमची खाचरे नेमकी तशी होती. 1 जुलै 2017 रोजी जकात संपुष्टात आली. परंतु जिच्यामुळे गोदामे आली ती जकात गेली तरी गोदामे गेली नाहीत, उलट वस्तू व सेवा कराच्या नव्या पद्धतीत राज्योराज्यी छोटी कोठारे राखण्याचे प्रयोजन उरले नाही आणि मोठ्या कोठारांची मागणी वाढली. न्हावाशेवा बंदरातील माल, चिंचोटी-कामण मार्गे अंजूरफाट्यावर उतरणारी अहमदाबाद महामार्गाची रहदारी आणि नाशिककडील वाहतूक, हे सारे प्रवाह आता याच टापूत एकत्र येतात. 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यातील आमणेपर्यंत संपूर्ण खुला झाल्याने त्यांत विदर्भ-मराठवाड्याच्या मालाचीही भर पडणार, हे उघड आहे.

हे पत्र आपणांस लिहिण्याचे कारण असे की, भिवंडीभोवतालच्या 60 गावांसाठी आपले प्राधिकरण 2007 पासून विशेष नियोजन प्राधिकरण आहे. जमिनीचा वापर ठरविण्याचा अखत्यार, प्रदेशातील मोठे रस्ते व पूल बांधण्याचे सामर्थ्य आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची उभारणी या तिन्ही गोष्टी एकाच कचेरीत एकवटलेल्या असणे हा योग दुर्मीळ आहे. वाहतुकीचा उगम जमिनीच्या वापरात असतो. म्हणून रस्ता किती रुंद करावा हा प्रश्न विचारण्यापूर्वी त्या रस्त्यावर किती भार येऊ द्यावा हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारण्याचा अधिकार आपल्याइतका अन्य कोणाकडेही नाही.

या भाराचा खर्च कोणी सोसावा, याबाबत एका महाराष्ट्रीय पुरुषाने घालून दिलेला पायंडा मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली नेमलेल्या समितीने पुढच्याच वर्षी अहवाल दिला, आणि मोटारींच्या वाढत्या रहदारीचा खर्च स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेरचा असल्याने पेट्रोलवरील जादा करातून रस्त्यांसाठी निराळा निधी उभारावा, अशी शिफारस केली; 1929 चा केंद्रीय रस्ते निधी हे तिचेच फळ. जो रस्ता झिजवितो त्याने त्याच्या डागडुजीस हातभार लावावा, हे न्याय्य तत्त्व तिच्या मुळाशी होते. जयकरांच्या दृष्टीसमोर मोटार होती. आमच्या दृष्टीसमोर ती मोटार ज्याच्या दारी येऊन थांबते ते गोदाम आहे, आणि ते तत्त्व तेथवर नेण्याची वेळ आता आली आहे.

झीज म्हणजे काय याची कल्पना सामान्य माणसास सहसा नसते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांतून असे आढळले की, रस्त्याची हानी आसावरील वजनाच्या साधारणतः चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आपल्या केंद्र सरकारने 2018 साली चार चाकांच्या एका आसावरील अनुज्ञेय भार 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेला. ही वाढ दिसावयास जेमतेम आठव्या हिश्श्याची, पण वरील हिशेबाने पूर्ण भरलेल्या आसाखाली होणारी झीज दीडपटीहून अधिक. त्यात आमची जमीन खाडीकाठची, सखल. खाचरांवर भराव पडला, पाण्याच्या जुन्या वाटा बुजल्या, आणि कोकणपट्टीच्या पावसाचे पाणी रस्त्याच्या पोटात मुरू लागले की वरचा थर कितीही जाड असो, तो टिकत नाही. दरवर्षी खड्डे बुजविण्यावर होणारा खर्च हा वस्तुतः गोदामधारकांच्या व्यापाराला जनतेच्या तिजोरीतून दिलेले अनुदान होय. आणि हे मी कोणाविषयी आकस धरून म्हणत नाही, कारण याच गोदामांवर आमच्या हजारो घरांची चूल पेटते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, गोदामास परवानगी देताना चटईक्षेत्राच्या हिशेबाइतक्याच काटेकोरपणे, ऐन गर्दीच्या प्रहरी तेथे किती मालमोटारी येतील आणि त्या आवारातच कोठे उभ्या राहतील, याचा हिशेब घ्यावा. खाली होण्याची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी एक मार्गिकाच गिळून टाकते. चौपदरी रस्ता तेथे दुपदरी होतो आणि शाळेतली मुले, पाळी संपवून निघालेले हमाल व यंत्रमागावरचे कामगार यांना चालावयास गटाराची कड तेवढी उरते. परगावच्या चालकास निवारा, शौचालय व पाणी असलेला सार्वजनिक वाहनतळ मिळाला, तर तो हौसेने रस्त्यावर थांबणार नाही.

दुसरी गोष्ट रुळांची. दिवा-वसई लोहमार्ग आमच्या अगदी जवळून जातो, आणि त्यावरील भिवंडी रोड स्थानकातून 2020 पासून पार्सल-गाड्याही सुटू लागल्या. पंचेचाळीस डब्यांची एक कंटेनर-गाडी 20 फुटी असे 90 कंटेनर वाहून नेते, म्हणजे निदान पंचेचाळीस अवजड वाहने रस्त्यावरून उतरतात. रेल्वे आपल्या अखत्यारीत नाही हे मी जाणतो. परंतु माल चढविण्याउतरविण्यास लागणारी जमीन आराखड्यात राखून ठेवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि ती जमीन एकदा गोदामांखाली गेली म्हणजे पुन्हा कोणत्याही किमतीस मिळणार नाही. मेट्रो माणसे नेईल व ते स्वागतार्हच आहे. माल मात्र तिच्या खांबांखालूनच जात राहील.

तूर्त एवढेच करावे: अंजूरफाटा ते काल्हेर या पट्ट्यात सलग एक आठवडा, रात्रंदिवस, अवजड वाहनांची व रस्त्याकडेला खोळंबलेल्या गाड्यांची मोजदाद करवून घ्यावी, तिचा तपशील मराठीत राहनाळ व शेजारच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावा, आणि तो ग्रामसभांपुढे येईपर्यंत या पट्ट्यातील नव्या मोठ्या गोदामांच्या परवानग्या स्थगित ठेवाव्यात.



आपला नम्र,
राहनाळ येथील एक रहिवासी