हा नमस्कार कोणाला?

समोरून आपल्याच कंपनीचे वाहन आले की हात उंचावून त्याच्या चालकाला अभिवादन करण्याची एक चाल आपल्या देशात चांगलीच रुजली आहे. अमेरिकेत जीपवाल्यांनी ती फार पूर्वी रूढ केली. आपल्याकडे बुलेटवाले आणि थारवाले ती निष्ठेने पाळतात. मनालीहून लेहच्या वाटेला लागावे, म्हणजे वळणावळणावर ही नमने दिसू लागतात. उजवा हात ॲक्सिलरेटरवर गुंतलेला, म्हणून मोटारसायकलवाल्यांत नमस्काराचा मान डाव्या हाताला मिळाला आहे. हे दृश्य पाहून पुष्कळांना भरून येते. अनोळखी माणसे एकमेकांस ओळख देतात, याहून सुंदर ते काय, असे ते विचारतात. आम्हांस हे कौतुक मान्य नाही. हा नमस्कार माणसाने माणसाला केलेला नसून एका खरेदीने दुसऱ्या खरेदीला केलेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या चालीच्या मुळाशी काही अर्थ होता, हे आम्ही नाकारीत नाही. १९५५ साली मद्रासेत बुलेटच्या स्वदेशी उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली गेली. ओतीव लोखंडाचे ते जुने इंजिन सुरू करणे ही एक विद्याच होती. ॲमीटरचा काटा मध्यावर आणावा, मग किक मारावी. अंदाज चुकला तर तीच किक पायावर उलटे. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. अशा वाहनाचा धनी आडरानात खोळंबला, तर त्याचे दुःख दुसऱ्या बुलेटवाल्यालाच कळे. तो थांबे, हत्यारांची पिशवी सोडी, प्रसंगी आपल्याजवळचा जादा प्लग काढून देई. त्या काळी उंचावलेला हात म्हणजे ‘सर्व ठीक आहे ना?’ असा प्रश्न होता. आज इंजिने सुधारली आणि दुरुस्तीसाठी फोन करण्याची सोय झाली. प्रश्न गेला, हात तेवढा उरला.

निवडक अभिवादनाचा इतिहास पाहिला तर त्यात स्वार्थाचा धागा जुनाच दिसतो. इंग्लंडात १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली. पुढे वेग मोजणारे पोलीस दबा धरून बसले आहेत, अशी सूचना तिचे गस्तवाले मोटारवाल्यांना देत. १९१०च्या सुमारास न्यायालयाने अशी सूचना देणे गुन्हा ठरविले, तेव्हा संस्थेने एक युक्ती काढली. मोटारीवर संस्थेचा बिल्ला दिसला की गस्तवाल्याने सलाम करावयाचा. सलाम झाला नाही, तर सभासदाने समजावयाचे की पुढे धोका आहे. सलाम बिल्ल्याला होता. बिल्ल्याविना जाणाऱ्याचे बरेवाईट त्याचे त्याने पाहावे!

कोणी म्हणेल, समानशीलांचे सख्य स्वाभाविक आहे. मग आम्ही विचारतो, बजाजच्या चेतक स्कूटरसाठी एके काळी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत; ती घरी आली की तिला हार घालीत आणि सबंध कुटुंब तिच्यावर बसवून फिरावयास नेत. त्या चेतकवाल्यांनी परस्परांस हात केल्याचे कोणी ऐकले आहे काय? केले नाहीत, कारण चेतक पुष्कळांजवळ होती. आम्हां कारकुनांची वाहने अशीच, चारचौघांसारखी. सारखेपणातून हा नमस्कार उपजत असता, तर सर्वांत अधिक हात सायकलवाल्यांचे हलले असते. तो उपजतो वेगळेपणाच्या अभिमानातून. ‘आपण दोघे इतरांहून निराळे’ एवढेच तो सांगतो.

आणि हे ‘इतर’ कोण? लेहच्या ज्या मार्गावर ही नमने चालतात, तो १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना राखते. तेथे दगड फोडणारे आणि डांबर पसरणारे अनेक मजूर झारखंडातील दुमक्याकडून आलेले असतात. तोंडाला फडके बांधून ते धुरात उभे असतात. ज्यांच्या हातांनी वाट झाली, त्यांच्यासमोरून जाताना किती हात उंचावतात? जो या वाटेचा खरा सोबती, तोच या बंधुत्वाच्या बाहेर!

हा केवळ शिष्टाचाराचा वाद असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली; म्हणजे दिवसाला साडेचारशेहून अधिक. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते. जखमीला साह्य करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात त्याच्या संरक्षणासाठी १३४-अ हे कलम आले. कायद्याने हात मोकळे केले. पण ते केवळ कंपनीची मुद्रा पाहून उचलावयाचे असतील, तर या मोकळीकीचा उपयोग काय?

याउलट, ज्याला आपण अडाणी म्हणून नावे ठेवतो तो ट्रकवाला पाहा. समोरून येणाऱ्याला तो दिवे मिचकावून पुढच्या अडथळ्याची सूचना देतो. गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्यासाठी झाडाच्या फांद्या आणि दगड मांडून ठेवतो. येणारा कोणत्या कंपनीच्या वाहनावर बसला आहे, याची तो चौकशी करीत नाही.

आम्हां परप्रांतीं राहणाऱ्या मराठी मंडळींनाही येथे एक प्रश्न विचारला जाईल. दिल्लीच्या गर्दीत ‘एमएच’ अक्षरांची पाटी दिसली की तुम्ही हरखता, ते कसे? हरखतो खरे. भाषेचा लळा विकत मिळत नाही, हा त्यातला भेद आहे. परंतु त्या लळ्यापायी दुसऱ्या पाटीचा अडलेला माणूस नजरेआड होत असेल, तर आमचाही दोष तोच. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरांना मिळू लागलेल्या ‘बीएच’ मालिकेच्या पाटीवर २०२१पासून प्रांताचे नावच नाही. तिने हात करावा तरी कोणाला? आम्ही म्हणतो, सर्वांना!

महाराष्ट्राला हे नवे नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो. पाणी देणारा, वाट दाखविणारा, बंदोबस्ताचा पोलीस, सारेच त्याला ‘माउली’. तेथे वाट एक, म्हणून नाते एक. वाहनाच्या धन्यांनी हात खुशाल उंचवावा. मात्र तो पादचाऱ्याला रस्ता देण्यासाठी, मजुराला ओळख देण्यासाठी आणि पडलेल्याला उचलण्यासाठीही पुढे यावा. एवढे ज्याच्याने होत नसेल, त्याने आपला हात हँडलवरच ठेवावा. अपघात तरी टळेल.