विश्लेषण : मैफल फोनमध्ये घेताना तानपुरा का हरवतो?

कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेल्या मैफलींच्या कॅसेट आता फोनमध्ये येऊ लागल्या आहेत. कुणी दुकानातून एमपी थ्री करून घेतो, कुणी घरीच टेपरेकॉर्डर संगणकाला जोडतो. काम झाले म्हणून कॅसेट भंगारात जातात. पुढे कधीतरी इअरफोन लावून विलंबित ख्याल ऐकताना काहीतरी खटकते. गायकाचा आवाज ठीक असतो, पण मागचा तानपुरा पाण्यात बुडवल्यासारखा हेलकावत असतो. हा दोष बऱ्याचदा कॅसेटचा नसून फाइल बनवताना निवडलेल्या बिटरेटचा असतो.

आवाज ‘दाबला’ म्हणजे काय केले?

सीडीवर दर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते. तासाभराचे गाणे सुमारे ६३५ एमबी जागा घेते. तेच १२८ केबीपीएसच्या एमपी थ्रीत ५८ एमबीत बसते. म्हणजे अकरातले दहा हिस्से गेले. अर्थात ते डोळे मिटून टाकलेले नसतात. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, हे ओळखून सॉफ्टवेअर असे बारीक आवाज आधी वगळते. बिटरेट पुरेसा असेल तर ही काटछाट कळतही नाही.

मग फटका तानपुऱ्यालाच का?

सिनेगीताच्या वाद्यमेळात पुष्कळ काही लपून जाते. ख्यालात लपायला जागाच नसते. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यातून मूळ स्वराबरोबर असंख्य उपस्वर निघतात आणि ते सतत उमलत-विरत असतात. एमपी थ्री आवाजाचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यात काय ठेवायचे हे नव्याने ठरवते. जागा कमी पडली की एका तुकड्यात ठेवलेला उपस्वर पुढच्या तुकड्यात गळतो, त्याच्या पुढच्यात परत येतो. कानाला हेलकावा जाणवतो तो यामुळे. तबला, संतूर, सरोद यांची अडचण निराळी. तिथे आघात लख्ख असावा लागतो. कमी बिटरेटमध्ये त्याच्या क्षणभर आधीच धूसर खरखर पसरते आणि थापेची धार जाते.

फोनसाठी किती पुरे?

माझ्या मते शास्त्रीय संगीतासाठी १२८ ची एमपी थ्री नकोच. एएसीमध्ये २५६ किंवा एमपी थ्रीमध्ये ३२० ठेवावे. २५६ च्या हिशेबाने शंभर तासांचे गाणे साडेअकरा जीबीत मावते; आजच्या फोनला ते जड नाही. त्याहून वर जाऊन फोनमध्ये फ्लॅक फाइलच हव्यात, हा आग्रह मला पटत नाही. फ्लॅकमध्ये काहीच टाकले जात नाही हे खरे, पण ब्लूटूथ इअरफोनकडे जाताना फोन तो आवाज पुन्हा दाबतोच. शिवाय लोकलच्या खडखडाटात फरक ओळखणारा कान माझा तरी नाही. आपला कान तपासायचा असेल तर गायक सुरू होण्याआधीचा नुसत्या तानपुऱ्याचा एक मिनिट घ्या, त्याच्या दोन फाइल करा आणि कोणती वाजतेय हे न सांगता घरच्या कुणाला तरी लावायला सांगा.

दोन बारीक गोष्टी दुकानदार सहसा विचारत नाहीत. जुने ध्वनिमुद्रण एकाच मायक्रोफोनवरचे असेल तर फाइल मोनोच करावी. स्टिरिओ केल्यास दोन बाजूंची वेगवेगळी खरखर साठवण्यातच बिट खर्ची पडतात. आणि विलंबित व द्रुत यांच्या वेगळ्या फाइल केल्या, तर एमपी थ्रीत दोहोंमध्ये क्षणभर शांतता येऊ शकते. लागलेला तानपुरा तिथे तुटतो. राग सलग असेल तर फाइलही सलगच ठेवावी.

मूळ प्रतीचे काय?

खरा धोका इथे आहे. फोनमधली फाइल बिघडली तर दुसरी करता येते, पण घरच्या मैफलीची कॅसेट जगात एकच असू शकते. ती १२८ मध्ये उतरवून फेकून दिली, तर गेलेले उपस्वर परत आणण्याचा कोणताही मार्ग नाही. ती फाइल ३२० मध्ये बदलली तर तिचा आकार तेवढा वाढतो. म्हणून पहिली प्रत न दाबता, वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच घ्यावी. ध्वनिसंग्राहकांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए अशा मुद्रणांसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवते. या हिशेबाने नव्वद मिनिटांची स्टिरिओ कॅसेट वेव्हमध्ये साधारण दीड जीबी होते आणि पाचशे कॅसेट एक टीबीच्या हार्ड डिस्कवर बसतात. डिस्कही कधीतरी बंद पडते, तेव्हा दोन घ्याव्यात आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी. फोनसाठीची २५६ ची प्रत त्यातून हवी तेव्हा काढता येते. दुकानदार फक्त एमपी थ्रीच देणार असेल, तर कॅसेट परत घेऊन दुसरे दुकान पाहावे.