पर्यायी नक्की कोण?

हल्ली मत्स्यपालनावर कुणी बोलायला लागलं की 'पर्यायी प्रथिन स्रोत' हा शब्द येतोच. सोयाबीनची पेंड पर्यायी, शेंगदाण्याची पेंड पर्यायी, माशीच्या अळ्यांची पावडर तर एकदम आधुनिक पर्यायी. कशाला पर्याय? तर फिशमीलला. म्हणजे समुद्रातले लहान मासे शिजवून, वाळवून, दळून केलेल्या भुकटीला.

माझं भांडण या शब्दाशीच आहे.

आमच्या अंतरवाली सराटीचं नाव 2023 पासून आंदोलनामुळे सगळ्यांना माहीत झालंय, पण हा भाग मुळात कापूस, ऊस, सोयाबीनचा. इथे कुणी शेततळ्यात मासे सोडायचे म्हटलं की नावं ठरलेली : कटला, रोहू, मृगळ. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरातलं वनस्पतीजन्य अन्न, मृगळ तळातला कुजलेला पाला. तळ्यात शेण टाकून पाणी हिरवट करायचं, वरून शेंगदाण्याची पेंड नि भाताचा कोंडा द्यायचा, ही आपल्या देशातली जुनी रीत. या माशांनी कधी तारली मागितली होती हो? त्यांच्या ताटात पेंड घरची, फिशमील पाहुणं!

कोळंबीचं गणित वेगळं, मान्य. नुसत्या सोयापेंडीत मेथिओनिन कमी पडतं, कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारे घटक असतात, सरकीत गॉसिपॉल असतं, हेही मान्य. पण सोयाबीनला नीट उष्णता द्या, दोन-तीन पेंडी मिसळा, चिमूटभर मेथिओनिन घाला. त्यासाठी समुद्र कशाला उपसायचा?

एक किलो फिशमीलला चार-पाच किलो ताजी मासळी लागते. ती बहुतेक तारलीसारखी, किनाऱ्यावरच्या गरिबाच्या कालवणातली. केरळात 2012 साली जवळजवळ चार लाख टन तारली उतरली होती. 2021 मध्ये साडेतीन हजार टनही नाही. याला बदलता समुद्रही कारणीभूत आहे, सगळा दोष फिशमीलचा नाही. पण जी मासळी अशी बेभरवशाची, तिच्यावर आपल्या तळ्याचं खाद्य का टांगायचं?

आणि इकडे काय? 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, आणि बाजारात ते त्याच्या खाली विकलं गेलं. दारातल्या प्रथिनाला भाव नाही, नि समुद्रातल्या प्रथिनाला 'दर्जेदार' म्हणायचं. याला काय म्हणावं?

खाद्याच्या गोणीवर प्रथिनं किती टक्के ते ठळक छापतात. ती कशाची, तेही तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा, एवढीच माझी मागणी. आणि आपल्यापैकी जे कोणी मासे पाळतात, त्या काका-मामांनी पुढच्या खेपेला दुकानात हाच प्रश्न विचारावा. उत्तर काय मिळालं ते मला जरूर कळवा.

असो. पेंडीला 'पर्यायी' म्हणणं मात्र आजपासून बंद!