आप्तांचा संघ

मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांतून उदरनिर्वाहासाठी मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्याच्या वाट्याला गिरणगावातली चाळ जाऊन पुनर्वसन योजनेतील बहुमजली इमारत आली खरी. परंतु गावचे कुणी माणूस आगीत गेले, म्हणजे बाराव्या-तेराव्यापर्यंत जिवापाड धावपळ करणारी आपली ग्रामस्थ मंडळे त्यानंतर स्वस्थ बसतात, हे कटू असले तरी बोलणे प्राप्त आहे.

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत, तळाशी उभ्या केलेल्या दुचाक्यांनी आणि तिथेच साठवलेल्या कापडाने पेट घेतला, धूर वर चढला आणि किमान ७ जीव गेले. असा तळमजला कोणत्या वसाहतीत नाही?

१९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत आपली दोन्ही अपत्ये गमावलेल्या नीलम व शेखर कृष्णमूर्ती या दांपत्याने, इतर मृतांच्या आप्तांचा संघ उभारून, दोन तपांहून अधिक काळ अदालतीचे उंबरठे झिजवले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसे दगावली, तेव्हाही आप्तेष्ट आणि बचावलेले रहिवासी असेच एकवटले.

आपल्याकडे २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमान्वये, त्याच्या कक्षेतील इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचा असतो. तो दाखला सोसायटीच्या दप्तरातून मागून पाहण्याचा ठराव, चतुर्थीला गावी न्यावयाच्या गाड्यांचा हिशेब होतो त्याच सभेत जे मंडळ प्रथम मंजूर करील, त्याची पहिली पावती माझ्या नावे फाडावी.